गेमचा पसारा आवरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार-पाच वर्षांपूर्वी मी माझ्या गेमचा पसारा आवरायला घेतला. ओळखीत ते कळल्यापासून लोक प्रश्न पाठवतात. कुणी ऑफिसातलं, कुणी भाच्याचा मित्र. एकदा तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये गाठलं. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. मी पीसी आणि प्लेस्टेशनवर खेळतो, त्यामुळे उदाहरणं तिथली जास्त आहेत. पैसे लावून खेळायच्या ॲपबद्दल इथे काही नाही. तो छंद नव्हे, आणि ऑगस्ट २०२५मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानं त्यावर बंदीही आणली आहे.

१. मिनिमलिझम (मोजक्यात भागवणं) म्हणजे गेम खेळणं कमी करायचं, असंच ना?

नाही. माझे खेळायचे तास जवळपास पूर्वीइतकेच आहेत, आठवड्याला सहा-सात. कमी झालं ते गेम घेणं.

गेम घेणं आणि गेम खेळणं हे दोन वेगळे छंद आहेत, फक्त बाहेरून एकच दिसतात. खेळायला निवांत दोन तास लागतात, घ्यायला दोन मिनिटं पुरतात. म्हणून नोकरी-संसार मागे लागला की खेळणं आक्रसतं आणि घेणं फुगतं. कॉलेजात असताना वेळ भरपूर होता आणि खिसा रिकामा. एकेक सीडी वर्षभर पुरवून खेळलो. आता रात्री अकराला दमून बसलं की खेळायच्या ऐवजी माणूस स्टोअर चाळत राहतो, आणि त्यालाच गेमिंग म्हणतो. खाली जे काही लिहिलंय ते या घेण्याच्या छंदाला आवर घालण्याबद्दल आहे.

२. सुरुवात कुठून करू? लायब्ररी, म्हणजे घेतलेल्या गेमची यादी, बघूनच घाम फुटतो.

एक वही आणि एक रविवारची दुपार. काहीही डिलीट करू नका, फक्त मोजा. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) प्रत्येक गेमचे खेळलेले तास दिसतात. त्यावरून तीन आकडे लिहून काढा: एकूण किती गेम आहेत, किती एकदा तरी उघडले, आणि किती मन भरेपर्यंत खेळले. (‘पूर्ण केले’ असं मी मुद्दाम म्हणत नाही, का ते प्रश्न ४मध्ये.)

माझे आकडे होते २१४, ६१ आणि २३. मोजता मोजता आणखी एक गोष्ट सापडली. एक गेम माझ्याकडे डिस्कवर होता, आणि तोच मी दोन वर्षांनी डिजिटलही घेतला होता. दोन्ही कोरे. डिस्कचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं.

लाज वाटायचं कारण नाही, कारण सगळ्यांचं असंच आहे. स्टीमनं २०२४च्या अखेरीस दिलेल्या आकड्यांनुसार त्या वर्षी खेळाडूंनी खेळलेल्या गेमची मध्यक संख्या फक्त ४ होती, म्हणजे निदान निम्मे खेळाडू चार किंवा त्याहून कमीच गेम खेळले. एकूण खेळलेल्या वेळातला जेमतेम १५ टक्के वेळ त्या वर्षी आलेल्या गेमवर गेला. बाकी सगळा वेळ जुन्याच गेमवर. म्हणजे ‘नवीन आलाय, मागे पडू’ ही भीती मुळातच खोटी आहे. कुणीच पुढे गेलेलं नाही.

३. मग किती गेम असावेत? एक आकडा सांगा.

मालकीचे किती, याला माझ्याकडे आकडा नाही. लायब्ररीत दोनशे पडून असले तरी ते जागा अडवत नाहीत. आकडा लावायचा तो ‘चालू’ गेमला, म्हणजे इन्स्टॉल करून अर्ध्यात असलेल्यांना. मी तीन ठेवतो: एक लांबलचक, एक वीस मिनिटांत उघडून मिटता येणारा, आणि एक मित्रांबरोबरचा. चौथा आला की तिघांतला एक बाहेर.

तीनच का? एखादा गेम तीन आठवड्यांनी परत उघडला की कुठलं बटण कशाला हेच आठवत नाही. शेवटचा सेव्ह (कुठवर पोचलो त्याची नोंद) गुहेच्या मध्यावर, आपण इथे का आलो होतो पत्ता नाही. पहिली पंधरा मिनिटं त्यातच जातात आणि माणूस वैतागून बंद करतो. एकदम पाच गेम चालू असले की प्रत्येकाच्या वाट्याला हेच येतं.

४. अर्धवट सोडलेले गेम पूर्ण करायला नकोत का? पैसे मोजलेत.

पानात वाढलेलं टाकायचं नाही, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. पण ती शिकवण अन्नासाठी आहे. अन्न नासतं, कुणाच्या तरी तोंडचा घास वाया जातो. गेम अर्धा सोडला तर कुणीही उपाशी राहत नाही. पैसे गेले ते घेतलेल्या दिवशीच गेले. आता तो रेटून संपवायचा ठरवलंत तर त्या पैशांच्या मागे आणखी तीस तास घालाल.

‘द विचर ३’ची नुसती मुख्य कथा संपवायला साधारण ५० तास लागतात. आठवड्याला सहा तास धरले तर दोन महिने. ते दोन महिने आनंदात जाणार असतील तर जरूर घाला, माझे गेले. पण नकाशात बेटाबेटावर दिसणारी टिंबं पुसत फिरायचं काम मी सोडून दिलं, आणि कथेत काही कमी पडलं नाही.

मी बघतो ते एवढंच: तो गेम बंद असताना त्याची आठवण येते का? ऑफिसातून येताना ‘तो पूल आज पार करू’ असं डोक्यात येत असेल तर चालू ठेवा. ‘संपवायचाय एकदाचा’ असं येत असेल तर सोडा.

५. सेल लागला की हात थांबत नाही. काय करू?

माझा एकच नियम: आज रात्री खेळणार असेन तरच आज घ्यायचा. ८० टक्के सूट असली तरी. ‘पावसाळ्यात निवांत खेळू’ म्हणून घेतलेले गेम माझ्याकडे तीन पावसाळे तसेच होते.

सूट निघून जाईल ही धास्ती अनाठायी आहे. स्टीमचा उन्हाळी सेल जूनच्या शेवटाला आणि हिवाळी सेल डिसेंबरात दरवर्षी येतो, मधल्या ऋतूंतही येतो, आणि एकदा उतरलेला गेम सहसा पुन्हा त्याच किमतीला किंवा त्याखाली मिळतो. विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, सूट लागली की मेल येतो. माझ्या अनुभवानं, विशलिस्टमध्ये टाकलं की निम्मी हौस तिथेच फिटते. सहा महिन्यांनी यादी उघडली तर ‘हा का टाकला होता?’ असं निम्म्यांबद्दल वाटतं.

घेऊन बसलात तर परत करा. स्टीम आणि एपिक (तसंच दुसरं दुकान) या दोन्हींकडे घेतल्यापासून १४ दिवसांत, आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. जीओजी हे आणखी एक दुकान ३० दिवस देतं. प्लेस्टेशन स्टोअरवर मात्र जपून: तिथे १४ दिवस असले तरी डाउनलोड सुरू केलंत की तो हक्क सहसा संपतो.

६. फुकटचे गेम गोळा केले तर काय बिघडलं?

फुकट ते पौष्टिक, मान्य. एपिकचं स्टोअर डिसेंबर २०१८मध्ये सुरू झालं आणि त्यांनी फुकट गेम वाटायची प्रथा लावली. आता ते दर आठवड्याला असतं. खिशाला तोशीस नाही. पण दर गुरुवारी रात्री आठवणीनं जाऊन बटण दाबायचं, ही एक नोकरीच लागते. मीही दीड वर्ष केली. त्यातले तीन गेम खेळलो.

आता नाव ऐकलेला आणि मनात असलेला गेम फुकट आला तरच घेतो. बाकीचा गुरुवार मोकळा.

७. सबस्क्रिप्शन घेतलं की विकत घ्यायची भानगडच नको. हे मिनिमलिझममध्ये बसतं ना?

अमर्याद थाळीसारखं आहे. भूक असेल तर वसूल, नाहीतर पोट बिघडतं. मायक्रोसॉफ्टच्या गेम पासमध्ये किंवा प्लेस्टेशनच्या पीएस प्लसमध्ये शेकडो गेम दिसतात, त्यातले काही ठरावीक काळानं निघून जातात, आणि ‘जायच्या आत संपवू’ अशी घाई मागे लागते. ती घाई विकत घेतलेल्या गेमला नसते.

मी वर्षाचं न घेता एका महिन्याचं घेतो, तेही त्यातला एखादा गेम खेळायचं पक्कं ठरवून. महिना संपला की बंद. कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे जायची सोय असेल तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज आपण न वाचता सरकवतो. त्या क्षणी विचारायचं, ‘या महिन्यात उघडलं होतं का?’ यूपीआयवर ऑटोपे लावलं असेल तर ते त्याच यूपीआय ॲपमधून रद्द करता येतं.

८. डिस्क घेऊ की डिजिटल? डिजिटलनं घर मोकळं राहतं.

घर मोकळं राहतं हे खरं, पण म्हणूनच डिजिटलचा पसारा बेफाम वाढतो. कपाट भरलं की आई ओरडते; लायब्ररी भरली की कुणी ओरडत नाही.

माझं मत डिस्ककडे झुकतं, आणि कारण उलटं आहे: डिस्क घराबाहेर घालवता येते. खेळून झाली की विकली, मित्राला दिली, अदलाबदल केली. डिजिटल गेम ना विकता येतो ना देता येतो. स्टीमचं खातंसुद्धा नियमांनुसार दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ऑक्टोबर २०२४पासून स्टीम पैसे भरतानाच स्पष्ट सांगतं की तुम्ही परवाना घेताय, गेम नव्हे. डिस्कनंही दरवेळी भागत नाही: युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या सर्व्हरशिवाय न चालणाऱ्या २०१४च्या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले, आणि ज्यांनी डिस्क घेतली होती त्यांच्याही हातात नुसती चकती उरली. निन्टेंडोनं २७ मार्च २०२३ला थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान बंद केलं. त्या तारखेनंतर तिथे नवीन काहीच घेता येत नाही.

म्हणून जो गेम म्हातारपणी परत खेळावासा वाटेल, असे चार-पाचच असतात, तो जीओजीवर मिळतो का बघा. तिथून इन्स्टॉलरची फाइल उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते, नंतर इंटरनेट लागत नाही. उरलेले गेम भाड्यानं घेतलेत असं समजा. मग तेवढेच पैसे द्यावेसे वाटतात.

९. जागा सारखी भरते. मोठी एसएसडी (गेम साठवायची वेगवान डिस्क) घेऊ का?

बहुतेकांना नको. पहिल्या पीएस ५मध्ये (प्लेस्टेशन ५) ८२५ जीबी लिहिलेलं असतं, हाताला लागते साधारण ६६७ जीबी. आजचे काही गेम एकटेच १०० जीबीच्या वर जातात. तरीही प्रश्न ३मधले तीन गेम त्यात आरामात मावतात. टू बीएचके घेतला की सामानही टू बीएचकेचं होतं, एसएसडीचं तेच.

अपवाद आहे, आणि तो खरा आहे. गावी राहत असाल, फायबर नसेल आणि मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर भागत असेल, तर १०० जीबीचा गेम पुन्हा उतरवायला पन्नास दिवस लागतील. ‘लागेल तेव्हा परत उतरवू’ हा शहरी सल्ला आहे. तुम्ही साधी बाहेरची हार्ड डिस्क घ्या. स्टीममध्ये गेमचा बॅकअप घेता येतो. पीएस ५चे गेम बाहेरच्या यूएसबी डिस्कवर ठेवता येतात. तिथून खेळता येत नाहीत, पण परत आत घ्यायला डेटा लागत नाही.

१०. गेम काढला तर सेव्हसुद्धा जातो का? या भीतीनं काहीच काढत नाही.

यंत्रावर अवलंबून आहे. स्टीमवर बऱ्याच गेमचे सेव्ह क्लाउडवर जातात, पण सगळ्यांचे नाही. स्टोअरच्या पानावर ‘स्टीम क्लाउड’ लिहिलेलं आहे का ते आधी बघा. नसेल तर सेव्हचा फोल्डर शोधून कॉपी करून ठेवा. पीएस ५वर गेम काढला तरी सेव्ह यंत्रात राहतो, तो वेगळा पुसावा लागतो. मात्र पीएस ५च्या गेमचे सेव्ह पेन ड्राइव्हवर घेता येत नाहीत, त्याला क्लाउडच लागतं आणि क्लाउडला पीएस प्लस. पीएस ४च्या गेमचे घेता येतात. यंत्र विकायच्या आधी हे तपासा, नंतर नको.

११. स्टीमवरचे नको असलेले गेम कायमचे काढून टाकू का? एकदम हलकं वाटेल.

वाटेल, आठवडाभर. नंतर कुणीतरी ‘तो गेम आहे ना तुझ्याकडे, चल खेळू’ म्हणेल. गेम लपवायची सोय आहे, ती वापरा. लपवलेला गेम केव्हाही परत आणता येतो. कायमचा काढण्याची सोयही आहे, पण तो परत हवा झाला तर पंचाईत. मी दीडशेच्या वर लपवले, एकही काढला नाही.

१२. माळ्यावर लहानपणचा टर्मिनेटर (टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम) आणि कॅसेटी आहेत. टाकवत नाहीत.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुधा पस्तिशी ओलांडलेल्यांकडून. माझाही होता. मागच्या दिवाळीत माळा काढला तेव्हा खोका सापडला: दोन रिमोट, पैकी एकाचं ‘ए’ बटण आत रुतलेलं, पिवळ्या कॅसेटी, त्यावर छापलेले लाखभर गेम आणि आत खरे पंधरा-वीस, आणि बंदूक.

बदकं मारायची ती बंदूक आजच्या टीव्हीवर चालत नाही, हे आधीच सांगतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. नळीतला सेन्सर तो उजेड टिपायचा. हे सगळं जुन्या डबा टीव्हीच्या वेळेला जुळवलेलं होतं. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र उमटायला किंचित उशीर होतो आणि बंदूक आंधळी होते. मी तासभर झटलो. नेम चुकला की त्या गेममधला कुत्रा हसतो. मुलगी बाजूला बसून म्हणाली, ‘बाबा, कुत्रा हसतोय तुम्हाला.’ कुत्रा अजून चालतो.

बंदूक मी ठेवली. ती गेम म्हणून नाही, वस्तू म्हणून ठेवली. बाकीचं ठेवायचं असेल तर नीट ठेवा. कॅसेट फुंकून घालायची सवय मोडा. तोंडाच्या वाफेनं पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. सेल काढून ठेवा, नाहीतर गळतात. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. गेम बॉयच्या पोकेमॉनसारख्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकवायला आत एक नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की सेव्ह जातो. म्हणजे ‘लहानपणचा सेव्ह आहे’ म्हणून जपून ठेवलेलं कार्ट्रिज आधी एकदा चालवून बघा. आत काही उरलेलं नसेल तर निर्णय सोपा होतो.

१३. विकताना काय काळजी घ्यायची? आणि बिघडलेलं कचऱ्यात टाकू का?

आधी सेव्ह (प्रश्न १०), मग खात्यातून साइन आउट, मग फॅक्टरी रीसेट, या क्रमानं. डिस्क आत राहिली नाही ना, हे बघा. हसू नका, माझी गेली आहे. बिघडलेली यंत्रं, वायरी, फुगलेल्या बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात नकोत, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. फुगलेली बॅटरी घरात ठेवून देणं तर अजिबात नको.

१४. मोबाइलवर फक्त बीजीएमआय (पबजीचा भारतीय अवतार) खेळतो. एकच गेम, तोही फुकट. मी मिनिमलिस्टच की!

संख्येनं आहात. पण त्या गेममध्ये रोजची हजेरी आहे का? रोज उघडा, बक्षीस घ्या. सीझन संपायच्या आत पास पुरा करा. आज नाही आलात तर मोजणी पहिल्यापासून. असा एक गेम माझ्या दोनशे बंद गेमपेक्षा डोक्यात जास्त जागा खातो.

करून बघा: आठवडाभर खेळा, पण हजेरीची बक्षिसं घेऊ नका. फक्त मॅच. मजा तेवढीच आली तर छान, तुमचा छंद शाबूत आहे. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली तेव्हा लोकांना हळहळ वाटली ती बहुतेक स्किनची (गेममधले पोशाख आणि सजावट), हे मी जवळून पाहिलंय.

१५. मित्रांचा गेम मला फारसा आवडत नाही, पण शनिवारी सगळे त्यावरच भेटतात. काढू?

अजिबात नाही. तो गेम नाही, तो कट्टा आहे. एक मित्र दुबईला, एक नाशिकला, आणि शनिवारी साडेदहाला तिघं शिव्या घालत खेळताय. गेम कुठलाही असो.

१६. मुलगा नववीत आहे. त्याचे सगळे गेम मी एकदाचे डिलीट करून टाकू का?

ताई, नका. तुमच्यासाठी तो एक आयकॉन आहे, त्याच्यासाठी त्यात आठ महिन्यांचं बांधकाम असेल. माइनक्राफ्टचं जग गेलं तर ते परत मिळत नाही. त्याला प्रश्न ३मधला नियम सांगा आणि कुठले तीन ठेवायचे ते त्यालाच ठरवू दे. मुलं यात आपल्यापेक्षा कठोर असतात. वेळेचं बंधन हा वेगळा मुद्दा. स्टीम फॅमिलीजमध्ये पालकांना ते लावता येतं, आणि सहा जणांपर्यंत एकमेकांचे गेम वापरता येत असल्यानं घरात तोच गेम दोनदा घ्यायची वेळ सहसा येत नाही.

१७. मी संग्राहक आहे. खोक्यांसकट जमवणं हाच माझा छंद आहे. मग?

मग हे पान तुमच्यासाठी नाही. नाणी जमवणाऱ्याला कुणी ‘खर्च का करत नाहीस’ म्हणत नाही. फक्त जे जमवायचं त्याला कुंपण घाला: एकच यंत्र, एखादी मालिका, एक काळ. ‘स्वस्त मिळालं’ हा संग्रहाचा विषय होऊ शकत नाही.

१८. तुम्ही सध्या काय खेळता?

मोठा गेम सध्या नाही. मेअखेरपर्यंत मुलीची सुट्टी आहे आणि टीव्ही तिचा. छोट्यात ‘स्ले द स्पायर’, एक डाव तासाभरात आटपतो. नुकताच ‘राजी’ पुन्हा खेळलो, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये काढलेला. चार-पाच तासांत संपतो, म्हणून परत खेळवतो. शनिवारचा कट्टा चालू आहे. आणि रुतलेल्या ‘ए’ बटणाखालचं रबर बदलून मिळालं, लॅमिंग्टन रोडवर, चाळीस रुपयांत.